उणे पंधराच्या खालचा वास

आमच्या गल्लीत चामिल-आगा नंतर येतात, त्यांचा वास आधी येतो. गेल्या डिसेंबरपासूनची ही गोष्ट. दुकानाच्या रांगेत असो, मशिदीच्या पायरीवर असो, ते दिसले की सिगारेट ओढणारे दोघेतिघे मुकाट्याने सिगारेट विझवायचे. "आगा आले रे, काडी ओढू नका, गल्ली उडेल," असं कुणीतरी म्हणायचं. ते कुणीतरी बहुतेक वेळा मीच असायचे.

मी नाफिया. त्यांच्या भिंतीला भिंत लावून सत्तावीस वर्षं राहते, त्यामुळे त्यांच्याविषयी मला जे माहीत नाही ते त्यांच्या बायकोलाही, म्हणजे झुम्रेताला, माहीत नसतं.

चामिल-आगांनी बत्तीस वर्षं आमच्या स्येनित्सा गावच्या हवामान केंद्रात नोकरी केली. म्हणजे काय केलं? रोज सकाळी सात वाजता बाहेर जाऊन पारा किती खाली उतरलाय ते पाहिलं आणि वहीत लिहिलं. आमच्या पठारावर पारा वर चढण्याचा प्रश्न फारसा येत नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून सातच्या ठोक्याला आलुबुखाराच्या झाडाला टांगलेल्या थर्मामीटरसमोर हा गृहस्थ टोपी सारखी करून उभा असतो. जणू ते यंत्र नसून साहेब आहे. मग घरात जाऊन वहीत आकडा लिहितो. कुणालाही नको असलेला आकडा! मी भिंतीवरून विचारते, "आगा, आज किती?" ते म्हणतात, "उणे एकवीस." मी म्हणते, "मला वाटलंच, माझं नाक गळून पडलंय." आमचं रोजचं संभाषण एवढंच, पण ते चुकलं तर दिवस नीट सुरू होत नाही.

त्यांची दुसरी प्रीती म्हणजे गाडी. फिकट निळी, चौकोनी, देशाचे तुकडे व्हायच्या आधीची. या गाडीतून आमच्या गल्लीतली तेवीस बाळं पाझार शहरातल्या दवाखान्यातून घरी आली. माझी जुळी त्यांतली दोन. त्या दिवशी बर्फ एवढा होता की माझा नवरा पुढे फावडं घेऊन चालत होता आणि मागून आगा गोगलगाईसारखी गाडी आणत होते. आजही रस्ता कितीही मोकळा असो, गाडीत बाळ असलं की आगा चाळिसाच्या वर काटा जाऊ देत नाहीत. मागे ट्रकवाले भोंगे वाजवून वाजवून थकतात. त्यांची स्वतःची मुलगी मेलिहा याच गाडीतून आली. आणि आता मेलिहाचे दिवस भरत आले होते, जानेवारीतच, तेव्हा चोविसावं बाळ कुणाचं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आगांनी मागच्या सीटवर नवे पट्टे बसवून घेतले, नवीन लोकरी घोंगडी अंथरली. आणि नेमका त्याच हिवाळ्यात गाडीला वास यायला लागला.

साधासुधा नाही, पेट्रोलचा. सकाळी गाडी सुरू केली की असा भपकारा की डोळ्यांत पाणी. आता दुसऱ्या मुलखातला माणूस अशा वेळी काच खाली करेल. आमच्याकडे चालत्या गाडीत काच खाली? बाहेर थंडी, अंगावर वाऱ्याचा झोत, म्हणजे मान गेली, कान गेले, मूत्रपिंडं गेली! झुम्रेता तोंडाला शाल लावून बसायची, आगा मफलर नाकावर चढवून चालवायचे, आणि काचा घट्ट बंद. मी एकदा मागे बसले तर उतरल्यावर दोन तास मला सगळंच विनोदी वाटत होतं.

आगांनी आपल्या परीने उपाय केले. कुणीतरी सांगितलं, टाकीला कपडे धुण्याचा साबण चोळा. त्यांनी अख्खी वडी चोळली. टाकी लखलखली, वास तसाच. शेवटी गाडी रिफात मिस्त्रीकडे नेली.

रिफात हा माणूस सोन्यासारखा, पण त्याचा एक नियम आहे, आणि तो आमच्या सगळ्यांचाच नियम आहे: आधी कॉफी. गाडी शेडमध्ये घ्यायची, दार लावायचं, लाकडाची शेगडी पेटवलेलीच असते, मग जेझवा, म्हणजे कॉफीचं लांब दांड्याचं भांडं, चढवायचा, साखरेचा खडा दातांत धरायचा, कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाचं मोडलं हे बघायचं. तासाभराने मिस्त्री गुडघ्यांवर हात ठेवून उठतो आणि बॉनेट उघडतो. रिफातने उघडलं. कोरडं ठणठणीत. खालून पाहिलं. कोरडं.

"आगा, काही नाही."

"रिफात, सकाळी मी त्या वासात न्हाऊन निघालो!"

"मग आता कुठे गेला?"

पेट्रोलमध्ये आयुष्य गेलेल्या रिफातच्या नाकाला तो वास कळतच नव्हता, त्याचा भरवसा डोळ्यांवर. तीनदा गाडी नेली, तीनदा कॉफी झाली, तीनदा कोरडं. तिसऱ्या खेपेला रिफात जरा हळू आवाजात म्हणाला, "आगा, राग मानू नका. तुमचं वय... कधी कधी नाकाला भास होतात. माझ्या मामाला मरेपर्यंत भाजलेल्या कांद्याचा वास यायचा."

हे आगांना लागलं. बत्तीस वर्षं अंशाचा दहावा भाग न चुकवलेला माणूस, त्याला म्हणायचं तुझं नाक खोटं बोलतं! घरी येऊन ते दोन दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. थर्मामीटरला मात्र भेटले.

सोमवारी मेलिहाला मुलगी झाली. मंगळवारी जावई जेवाद ऑस्ट्रियाहून बसने आला. आगा त्याला आणायला स्टँडवर गेले, उणे तेवीस होतं. दहा मिनिटांचा रस्ता. जेवाद उतरला तो हिरवा पडलेला. चांगला पोरगा आहे, सासऱ्याला उलट बोलणारा नाही. बूट काढता काढता एवढंच म्हणाला, "बाबा, शुक्रवारी दोघींना सोडणार आहेत. मी टॅक्सी सांगतो. यात माझी मुलगी नाही बसणार."

आगा म्हणाले, "बरोबर आहे तुझं, बाळा." आणि अंगणात जाऊन गाडीवरचा बर्फ झाडत बसले. झाडण्यासारखा बर्फ नव्हताच. मी खिडकीतून पाहत होते.

बुधवारी मी त्यांच्याकडे गेले. निमित्त पिठाचं. झुम्रेता पीठ आणायला आत गेली आणि टेबलावर ती वही पडलेली. आता उघडी वही समोर असताना न वाचणं मला जमतं असं कुणी म्हणत असेल तर तो मला ओळखत नाही. आधी मी स्वतःचं नाव शोधलं. सापडलं. "उणे ११. ढगाळ. नाफिया आली. पुष्कळ बोलली." दुसऱ्या दिवशी: "उणे १४. नाफिया आली." पुढे काही नाही, म्हणजे बोलण्याचा हिशेब धरणं सोडून दिलं असावं. पण आकड्यांशेजारी एक बारीक शब्द दिसायला लागला. उणे १९, वास. उणे २२, वास. उणे ९, नाही. उणे १२, नाही. उणे १७, वास.

"आगा!" मी ओरडले. ते दारातून धावत आले, त्यांना वाटलं मी भाजले. "अहो, हे बघा! उणे पंधराच्या वर एकदाही वास नाही. तुमची गाडी माझ्या सासूच्या गुडघ्यासारखी आहे, थंडी वाढली की रडते आणि डॉक्टरकडे नेली की उड्या मारते!"

आगांनी वही घेतली. चष्मा चढवला. पानामागून पान उलटलं. मग खुर्चीत बसून स्वतःच्या कपाळावर हात मारला. "नाफिया, मी रोज लिहिलं. लिहिलं आणि वाचलं नाही. रबर थंडीत आकसतं. कुठेतरी फट पडते. आणि आपण गाडी नेतो कुठे? रिफातच्या शेगडीपाशी! ती गरम होते, फट मिटते, पेट्रोल उडून जातं."

"आणि कॉफी संपेपर्यंत डागही राहत नाही," मी म्हणाले.

तेव्हा ठरलं: गुरुवारी सकाळी सात वाजता रिफातने आगांच्या अंगणात यायचं आणि कॉफीआधी बॉनेट उघडायचं. हे ऐकून झुम्रेताने हातातलं पिठाचं भांडं टेबलावर आदळलं. "माझ्या दारात मिस्त्री येणार आणि मी त्याला कॉफीशिवाय उभा ठेवू? माणसा, तुला लाज आहे का? गाव काय म्हणेल?"

"गाव म्हणजे मी," मी म्हणाले, "आणि मी काही म्हणणार नाही." यावर दोघेही हसले. मला वाईट वाटलं.

पण मला झुम्रेता माहीत आहे. म्हणून गुरुवारी साडेसहालाच मी तिच्याकडे गेले आणि तिचे दोन्ही जेझवे शालीखाली दडवून माझ्या घरी नेले. रिफात आला, डोळे अर्धे मिटलेले, कानामागे सिगारेट. "आगा, कॉफीआधी मी मिस्त्री नसतो, नुसता माणूस असतो." आतून झुम्रेताचा आवाज, "जेझवे कुठे गेले? माणसा, जेझवे!" मी रिफातच्या कानामागची सिगारेट काढून खिशात टाकली.

आगांनी आधी थर्मामीटर पाहिलं. "उणे चोवीस," आवाज जरा चढा. मग गाडी सुरू केली. रिफात बॉनेटमध्ये वाकला, टॉर्च फिरवला. पंपाकडून वर जाणारा रबरी पाइप होता, त्याच्या टोकाला क्लिप. क्लिपखाली एक थेंब जमला. फुगला. पडला. त्यामागून दुसरा.

"बंद करा!" रिफात ओरडला. मग ताठ उभा राहिला आणि त्या थंडीत टोपी काढली. "आगा, तुमचं नाक शाबूत आहे. माझेच डोळे ऊबदार होते. मला माफ करा."

हातमोजा काढून आगांनी नाक पुसलं. दोनदा पुसलं.

दुपारपर्यंत रिफातने पेट्रोलचे सगळे पाइप बदलले, क्लिपा बदलल्या. "जुना एकही ठेवत नाही," म्हणाला, "एक आकसला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे." मग जेझवे परत आले आणि त्याला लागोपाठ तीन कॉफ्या प्याव्या लागल्या, मागच्या चुकीची शिक्षा म्हणून. शुक्रवारी सकाळी उणे वीस. झुम्रेता, जिच्या नाकाला दोन घरांपलीकडचं करपलेलं दूध कळतं, ती बंद काचांच्या गाडीत इंजिन चालू असताना दहा मिनिटं बसली. जेवाद बाहेर उभा. ती उतरली आणि म्हणाली, "घोंगडीचा वास येतो. टॅक्सीला नाही म्हणून सांग."

पुढचं मला झुम्रेताने सांगितलं. पाझारहून निघाले, चाळीसच्या चालीने, बाळ झोपलेलं, मेलिहा झोपलेली. पठारावर चढले आणि जेवादने हवा हुंगली. मग झुम्रेताने. पेट्रोल! आगांचा चेहरा पांढरा. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, कोरडं. चाकाखाली वाकले, कोरडं. झुम्रेता खाली उतरली, नवऱ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "माणसा, हा तू आहेस."

त्यांचा कोट! दोन महिने तोच कोट, त्याच गाडीत. जाताना गारठलेला होता, येताना बाळासाठी गाडी गरम ठेवली तसा उबून सुटला. आगांनी कोट काढला. डिकीत ठेवला तर वास आत येईल म्हणून टपावरच्या दांड्यांना दोरीने बांधला आणि स्वेटरवर गाडी चालवली.

आम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. आधी दिसला तो कोट. गोठून कडक झालेला, दोन्ही बाह्या पसरून टपावर उताणा पडलेला. मी ओरडले, "अरे, आगा वर बांधलेत, मग गाडी चालवतंय कोण?" आगांनी काच खाली केली, स्वतःहून, एवढा वारा असूनही, फक्त बोटभर. आगांचे दात वाजत होते. "नाफिया, हळू बोल. ती झोपलीय."

कोट अजून आलुबुखाराच्या झाडाला टांगलेला आहे. झुम्रेता घरात घेत नाही. आणि वहीत, मी मुद्दाम पाहिलं, शुक्रवारच्या तारखेला लिहिलंय: "उणे २०. स्वच्छ. वास नाही." त्याखाली, दुसऱ्या शाईने: "परतीच्या वाटेवर होता. माझा."