वेरिबीच्या सभेत न दिलेले उत्तर

प्रा. पास्कल रुमाव यांची आणि माझी पहिली भेट मुळीच सुखाची नव्हती. पुण्याहून इतिहासात एम.ए. करून मी संशोधनासाठी मेलबर्नला आले होते आणि क्लेटनला तीन मैत्रिणींबरोबर एका भाड्याच्या घरात राहत होते. आयर्लंडशी माझा काडीचाही संबंध नव्हता. सर आयर्लंडच्या जुन्या छापील साहित्याचे अभ्यासक आहेत, मूळचे वसईचे आहेत आणि उत्तम मराठी बोलतात, एवढे ऐकून मी विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीचे दार वाजवले. आपला माणूस आहे, जरा सांभाळून घेईल, अशी माझी अटकळ होती.

सरांनी चहा विचारला आणि एका सतराव्या शतकातल्या पत्रकाची छायाप्रत माझ्यापुढे ठेवली. वर मोठा मथळा, खाली चित्र. जळणारे घर, भाले घेतलेले शिपाई, त्यांच्या पायाशी पडलेली एक बाई. "यात काय झालंय ते सांगा," ते म्हणाले. मी पुण्यात वक्तृत्वाच्या स्पर्धा गाजवलेल्या. मथळ्यावरून जेवढे समजले तेवढ्यावर मी आयरिश कॅथलिकांचे बंड आणि त्यांनी प्रॉटेस्टंट वस्त्यांवर केलेले अत्याचार असे सगळे आवाज चढवून सांगितले. सरांनी शेवटपर्यंत ऐकले आणि दुसरा कागद ठेवला. तेच घर, तेच शिपाई, तीच बाई. मथळा मात्र त्याआधीच्या जर्मनीतल्या एका युद्धाचा होता.

"काय झालं ते तुम्हाला माहीत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मलाही नाही. कोणीतरी आपल्याला काहीतरी मानायला लावतंय, एवढंच आपल्याला दिसतंय. इथून सुरुवात करायची तयारी असेल तर सोमवारी या."

परतताना बसमध्ये मला रडू आले. सोमवारी मात्र मी गेले, आणि मग वर्षानुवर्षे जातच राहिले.

सरांच्या कामाविषयी या गौरवग्रंथात जाणकार मंडळी सविस्तर लिहितीलच. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोळाव्या-सतराव्या शतकात आयर्लंडवर इंग्लंडचे राज्य पसरत होते. राज्यकर्ते प्रॉटेस्टंट, बहुसंख्य प्रजा कॅथलिक. इंग्रजांच्या राणीने आयरिश लिपीचे छपाईचे खिळे पाडून घेतले, ते आयरिश प्रजेला नवा धर्म प्रजेच्याच भाषेत शिकवता यावा म्हणून. मग देश सोडून युरोपात गेलेल्या कॅथलिक साधूंनीही आपले खिळे पाडले आणि जुन्या धर्माची पुस्तके छापून चोरवाटांनी मायदेशी धाडली. प्रार्थना, राजाज्ञा, बंडाच्या बातम्या, सुडाच्या हाका, सगळे छापखान्यातून बाहेर पडू लागले. सरांचे आयुष्य या कागदांत गेले. वसईत घरी सामवेदी ही तिथली बोली, चर्चमध्ये मराठी प्रार्थना आणि शाळेत इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलाला हा विषय का भिडला, ते मी एकदा विचारले होते. माणूस ज्या भाषेत देवाशी बोलतो तीच भाषा सत्तेला सगळ्यात आधी हातात हवी असते, असे ते म्हणाले होते.

त्यांचा सगळ्यात मोलाचा शोध मात्र एका साध्या शब्दाचा आहे. बंडानंतर घेतलेल्या जबान्यांत लोक पुष्कळदा 'असे मी ऐकले' असे सांगत. त्याच जबान्यांवरून पुस्तके छापली गेली तेव्हा हा 'ऐकले' हळूहळू गळत गेला. उरले ते नुसते 'झाले'. आणि त्या 'झाले'वर पुढच्या पिढ्यांनी एकमेकांची घरे जाळली.

सर वर्गात कडक होते. माणूस म्हणून कसे होते ते एका प्रसंगावरून सांगते. माझी आई पुण्यात वारली तेव्हा व्हिसाच्या अडचणीमुळे मला जाता आले नाही. तिच्या दहाव्याच्या सकाळी सर आणि लीनामावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, गाडी घेऊन दारात उभे राहिले. मला काय काय लागेल ते त्यांनी आदल्या दिवशीच फोनवर विचारून घेतले होते. आम्ही मेलबर्नच्या वेरिबी उपनगराच्या दक्षिणेला समुद्रावर गेलो. मी वाळूत बसून जे जमेल ते केले. सर दूर उभे होते, टोपी काढून, वाऱ्यात. त्यांनी ना सांत्वनाचे शब्द काढले ना स्वतःची प्रार्थना मध्ये आणली. नंतर गाडीत मावशींनी डबा उघडून मला जेवायला घातले.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला बसले तो सांगते. अनेकांना तो अजूनही दुखतो, हे मला माहीत आहे. संपादकांनी जपून लिहा म्हणून सांगितले आहे. मी जपूनच लिहीन, पण वगळणार नाही.

वेरिबीच्या परिसरात आपली पुष्कळ कुटुंबे आहेत. पुण्या-मुंबईची हिंदू, वसई-ठाण्याची ख्रिस्ती. सगळ्यांचे मराठी मंडळ एकच होते. गणपतीत ख्रिस्ती घरांतून मोदक यायचे, नाताळला सगळे मिळून करंज्या तळायचे. हा प्रसंग घडला त्या वर्षी क्लेटनला शिकणारी शर्वरी नावाची पुण्याची मुलगी फार आजारी पडली. शस्त्रक्रिया झाली, घरी बघायला कोणी नाही. रुग्णालयात तिच्या वॉर्डातल्या नर्स ग्लोरिया डाबरे तिला सरळ वेरिबीला आपल्या घरी घेऊन आल्या. शर्वरी तिथे बरीच रमली आणि बरी झाल्यावरही राहिली. मग एक दिवस तिचा एक फोटो फिरू लागला. डाबरेंच्या देव्हाऱ्यातल्या मरियामातेच्या मूर्तीपुढे ती मेणबत्ती लावते आहे. फोटोखाली मजकूर होता, आजारी मुलीला घरात ठेवून बाटवले, पुढची पाळी तुमच्या मुलीची. आधी फोनवर, मग छापील पत्रके भारतीय दुकानांबाहेर. काही दिवसांतच डाबरेंच्या गॅरेजच्या दारावर कोणीतरी लाल रंग फासला.

लगेच दुसऱ्या बाजूचे पत्रक तयार झाले. जमावाने ख्रिस्ती घरावर हल्ला केला, मुले थोडक्यात वाचली, असे त्यात होते. ग्लोरियाचे पती अँटन ते छापायला देण्याआधी सरांकडे घेऊन आले, सरांची सही मागायला. दोघांची मैत्री वसईपासूनची. मी त्या दिवशी तिथेच होते. सरांनी वाचले आणि विचारले, जमाव कोणी पाहिला? अँटन म्हणाले, रंग आपोआप लागला का? मुले कुठे होती, सरांनी विचारले. मुले शाळेत होती.

"मग हे छापू नकोस," सर म्हणाले.

"त्यांनी छापलं ते चालतं?"

"त्यांचंही मी वाचणार आहे. पण आधी आपलं."

अँटन पत्रक टेबलावरच टाकून निघून गेले. ते छापले गेले नाही. अँटन सरांशी त्यानंतर बोललेले नाहीत.

मंडळाने सभा बोलावली. त्याआधी सरांना ग्लोरियाकडे जायचे होते. मीच गाडी चालवत होते. ग्लोरियाताईंना सरांनी एकेक गोष्ट विचारली, काय पाहिले, काय ऐकले, कोणाकडून ऐकले. त्या चिडल्या. तुम्हीसुद्धा माझ्यावर शंका घेता का, असे म्हणाल्या. सर म्हणाले, तुझ्यावर नाही, गोष्टीवर. मग ते शर्वरीशी बोलायला मागच्या अंगणात गेले. मी आणि ग्लोरियाताई स्वयंपाकघरात बसलो. खिडकीतून दिसत होते, ती बोलत होती आणि सर मान खाली घालून ऐकत होते. ते आत आले तेव्हा ग्लोरियाताईंनी काही विचारले नाही. परतीच्या वाटेवर मी मात्र विचारले. सर म्हणाले, रस्त्याकडे बघ.

सभेला हॉल भरला होता. हिंदू कुटुंबे एका बाजूला, ख्रिस्ती दुसऱ्या बाजूला, असे त्या हॉलमध्ये मी प्रथमच पाहिले. कोणी कोणाच्या पोरांना हाक मारत नव्हते. दाराशी दोन माणसांची धक्काबुक्की होता होता राहिली. सरांनी दोन्ही पत्रके वाचून दाखवली, छापलेले आणि न छापलेले. न छापलेले वाचू लागले तेव्हा ख्रिस्ती बाजूने खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. प्रत्येक वाक्यानंतर सर थांबत आणि विचारत, हे कोणी पाहिले? पाहिलेला एकही जण निघाला नाही. एका बाईंनी हात वर केला, पण त्यांनीही ते नणंदेकडून ऐकले होते.

तेव्हा अभिजित सोमण उठले. ते आयटीत आहेत, मंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी घाबरलेला होता. त्यांना स्वतःच्या दोन मुली आहेत.

"सर, हे सगळं ठीक आहे. सिम्पल क्वेश्चन आहे. ती मुलगी ख्रिश्चन झाली की नाही? तुम्ही तिला भेटलात. हो म्हणा किंवा नाही म्हणा, आम्ही घरी जातो."

मागून कोणीतरी म्हणाले, तिलाच इथे आणा, तिच्या तोंडून ऐकू. बऱ्याच जणांनी त्याला दुजोरा दिला. ख्रिस्ती बाजूनेही एक जण म्हणाला, हो, आणाच, म्हणजे यांची तोंडं बंद होतील.

सर उभेच होते. त्यांनी दोन्ही पत्रके पुढच्या टेबलावर ठेवली. एक शब्द उच्चारला असता तर निदान अर्धा हॉल त्यांच्या बाजूचा झाला असता.

"तिनं मला काय सांगितलं ते मी सांगणार नाही," ते म्हणाले. "तिला इथे उभंही करू देणार नाही. मी 'नाही' म्हणालो तर तुम्ही आज घरी जाल. पण उद्या एखादी खरंच ख्रिस्ती झाली, किंवा आमच्यातली एखादी तुमच्यात आली, तर? तिच्या दारावर रंग फासायची परवानगी आजच देऊन ठेवायची का? माणसाला चौकात उभं करून तू कोणत्या देवाची, असं विचारायचं, याची कागदपत्रं मी जन्मभर वाचलीत. उत्तर काहीही असो, विचारणाऱ्यांचं भलं झालेलं मला एकाही कागदात सापडलेलं नाही."

मग गोंधळ झाला. कोणी म्हणाले, म्हणजे झालीच आहे. कोणी म्हणाले, आपल्याच माणसानं घात केला. सर खुर्चीवर बसले आणि शेवटपर्यंत बसून राहिले. पाठीमागच्या दाराने निघून जाता आले असते, मी तसे सुचवलेही. त्यांनी नुसती मान हलवली. लोक त्यांच्यासमोरून गेले, काही न बघता, काही मुद्दाम बघून.

पुढे काय झाले तेही सांगायला हवे, कारण गौरवग्रंथात सगळे गोड झालेले दाखवायची सवय असते. सगळे गोड झाले नाही. दोन्हीकडची काही कुटुंबे मंडळातून गेली ती परत आली नाहीत. सरांना चर्चमध्ये आणि दुकानांत लोक टाळत. लीनामावशींनी बाजारहाट करायला दुसऱ्या उपनगरात जायला सुरुवात केली. पुण्याहून शर्वरीच्या वडिलांचा घाबरलेला फोन सरांना आला, तेव्हा ते एवढेच म्हणाले की तुमची मुलगी बरी आहे, नीट जेवते आहे, बाकीचं तिला विचारा आणि ती सांगेल ते ऐकून घ्या. वडिलांनी तसे केले की नाही ते मला माहीत नाही, पण तिच्या पदवीदानाला ते आले होते आणि ग्लोरियाताईंच्या शेजारी बसले होते.

सभेनंतरच्या रविवारी अभिजित सोमण घासकागद आणि रंगाचा डबा घेऊन डाबरेंच्या दारात गेले. रंग कोणी फासला होता ते आजही कळलेले नाही. सोमण म्हणाले, कोणी केलं ते मला माहीत नाही, पण दार असं राहायला नको. अँटन बराच वेळ आतच होते. मग बाहेर आले आणि दुसऱ्या बाजूने घासू लागले. दार पुरते रंगवून होईपर्यंत दोघे तिथेच होते, असे ग्लोरियाताई सांगतात. पत्रके पुन्हा निघाली नाहीत. शर्वरीला पुन्हा कोणी काही विचारले नाही.

मलाही उत्तर ठाऊक नाही. गेल्या महिन्यात या ग्रंथासाठी सरांची मुलाखत घ्यायला गेले तेव्हा मी एकदा शेवटचा प्रयत्न केला. इतकी वर्षे झाली, आता तरी सांगा, म्हटले. मावशी हसल्या. मलाही सांगितलेलं नाही, म्हणाल्या. सर म्हणाले, "मेधा, ते माझं नाही गं. मी कसं देऊ?" आणि माझ्या नव्या प्रकरणातल्या चुका काढायला त्यांनी चष्मा लावला.

सर पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. गुडघे कुरकुरतात, साखर सांभाळावी लागते, डोळ्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे. ते डोळे लवकर बरे होवोत, त्यांना अजून पुष्कळ वाचायचे आहे. लीनामावशींची साथ त्यांना उदंड लाभो. अँटनकाकांच्या हातात हा ग्रंथ पडला तर त्यांनी एकदा फोन करावा, सर स्वतःहून कधीच म्हणणार नाहीत. आणि आम्हां सगळ्यांसाठी मागणे एवढेच की, पुन्हा कधी आम्ही रागाने एखाद्या हॉलमध्ये जमलो आणि कोणाला तरी उभे करून जाब विचारू लागलो, तर पुढच्या टेबलाशी सर उभे असावेत, धडधाकट, आणि त्यांनी आम्हाला उत्तर देऊ नये.