तिसऱ्या माळ्यावर पोट्टे काय शिकून राहिले?

आमच्या क्लासच्या मेन कॉम्प्युटरवर 'फायनल' नावाची एक फाइल आहे. तिच्या बाजूला 'फायनल नवीन', तिच्या खाली 'फायनल खरंच', आणि सगळ्यात शेवटी 'आता हात लावाल तर मार खाल'. कोणी डिलीट करत नाही, कारण यातली खरी कोणती ते कोणालाच माहीत नाही. क्लासमधल्या किस्स्यांचं पण तसंच झालंय, शेवटचा म्हणावा असा एकही नाही. दरवर्षी मी ठरवतो, यंदा नुसतं शिकवायचं, हसायचं नाही. आणि ॲडमिशनचा पहिला आठवडा संपायच्या आत निश्चय मोडतो.

मी धंतोलीत एका डिजिटल मीडियाच्या इन्स्टिट्यूटमध्ये ॲनिमेशन शिकवतो. सिनेमा, गेम आणि इलस्ट्रेशन, तिन्ही करिअर एकाच माळ्यावर. आमचे संचालक ढोबळे सर याला 'क्रिएटिव्ह हब' म्हणतात. बिल्डिंगमधले बाकीचे लोक 'ते कार्टूनवाले' म्हणतात. खाली हाडांचा दवाखाना, वर पॅथॉलॉजी लॅब आणि मधात आम्ही. त्यामुळे आमच्याकडे विद्यार्थ्यांपेक्षा पेशंट जास्त येतात.

एकदा खाप्याचे एक आजोबा लिफ्टमधून चुकीच्या माळ्यावर उतरले आणि थेट आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरले. समोर आमचा अक्षय बसलेला. हा पोट्टा गेम बनवायचे म्हणून आलेला आणि तेव्हा गेममधल्या राक्षसासाठी सांगाडा बनवत होता. स्क्रीनवर हा मोठा गुडघा गोल गोल फिरत होता. आजोबांनी काठी टेकवली आणि ओरडले, "हेच! हेच दुखते मले!"

अक्षय भला पोरगा. त्यानं गुडघा उघडून दाखवला, वाटी बाजूला काढून दाखवली, पाय वाकला की काय कुठे घासतं ते दाखवलं. आजोबांनी दहा मिनिटं मान डोलावली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि समाधानानं घरी निघून गेले. डॉक्टरकडे गेलेच नाहीत!

दुसऱ्या दिवशी साळ्याला घेऊन हजर. "कालचे डॉक्टर कुठी हायेत? याची कंबर पाहाची हाये."

*

आता प्रणालीचं सांगतो, कारण गेलं सगळं वर्ष आमच्या अख्ख्या बॅचचा जीव तिच्यापायी टांगणीला लागला होता.

प्रणाली मेश्राम कुहीची. तिचे बाबा बस कंडक्टर. पोरगी बारावी झाली, चित्रांचं वेड, म्हणून बाप-लेक दोघं चौकशीला आले. मेश्राम काकांनी सरळ विचारलं, "सर, हे शिकून पोट्टी काय होईन?"

ढोबळे सरांचा हा आवडता प्रश्न! ते खुर्चीत मागे रेलले आणि सुरू झाले, "कॅरेक्टर आर्टिस्ट होईल, रिगर होईल, लायटिंग आर्टिस्ट, कंपोझिटर, मॅट पेंटर..."

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे ठीक हाये सर. पण काम कोणतं?"

ढोबळे सरांनी पाणी मागवलं.

शेवटी काकांनी मुलीकडे वळून आपला निकाल दिला. "एक वर्षाचं फाउंडेशन कर. वर्षाच्या शेवटी याईचा शो असते म्हणतेत, तो पाहाले मी येईन. तू काय शिकली ते मले समजलं, तर पुढचे दोन वर्षं शिक. नाही समजलं, तर डी.फार्म. कर अन् उमरेडले मामाच्या मेडिकलमधी बस."

चांगलं झालं पाहिजे असं नाही म्हणाले हो, समजलं पाहिजे म्हणाले! मी बारा वर्षं शिकवतोय, माझ्या बायकोला अजून समजलेलं नाही.

प्रणालीनं त्याच दिवशी तिच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवली. 'बाबाले समजन काय?' वर्षभर ती चिठ्ठी तिथेच होती. कोणतंही काम झालं की आधी ती चिठ्ठी वाचायची आणि मग तोंड पाडून बसायची.

*

समजण्याचाच विषय निघाला म्हणून. अक्षयची आई एकदा न सांगता क्लासवर आली. लेकरू अभ्यास करते की गेम खेळते, एवढंच पाहायचं होतं त्या माउलीला. आत आली तर वीस पोरं वीस स्क्रीनसमोर हाताची घडी घालून बसलेली. कोणी हलत नाही, बोलत नाही.

"काय करून राहिले हे?" त्यांनी मला विचारलं.

"रेंडरिंग सुरू आहे ताई. म्हणजे पोरांनी जे बनवलं, त्याचं कॉम्प्युटर चित्र तयार करतो."

"मंग पोरं काय करते?"

"वाट पाहतात."

ताईंनी अक्षयकडे पाहिलं. "हे तर हा घरी फुकटात करत होता ना जी!"

*

आमच्याकडे बाहेरची कामंही येतात. ढोबळे सर त्याला 'इंडस्ट्री एक्सपोजर' म्हणतात. पोरं ड्रॅगन काढायला येतात आणि पहिली ऑर्डर वाढदिवसाच्या बॅनरची असते.

एक भावी नगरसेवक आले. दहा वर्षांपासून भावीच आहेत. त्यांना फोटो नको होता, पेंटिंग पाहिजे होतं. अट एकच, "चेहरा असा पाहिजे का गरिबाले माया दिसली पाहिजे अन् विरोधकाची फाटली पाहिजे."

काम प्रणालीला दिलं. पोरगी तीन दिवस डोकं धरून बसली. शेवटी तिनं हिशोबानं चेहरा वाटून टाकला. डाव्या डोळ्यात माया, उजव्या डोळ्यात राग! आणि खरं सांगतो, काय काढला होता! भाऊ खूश. दहा फुटी बॅनर चौकात लागला आणि बरोब्बर मायेच्या बाजूवर विजेचा खांब आला. अख्ख्या वॉर्डाला नुसता राग दिसत होता. पंधरा दिवस भाऊंच्या ऑफिसात नळाची, नालीची एकही तक्रार गेली नाही म्हणतात. भाऊंनी फोन करून सांगितलं, "पोट्टीच्या हातात जादू हाये!"

प्रणालीला वाटलं, चला, एक तरी काम बाबांना दाखवण्यासारखं झालं. मेश्राम काकांची बस त्याच चौकातून जायची. त्यांनी खिडकीतून नीट पाहिलं आणि घरी येऊन विचारलं, "त्या माणसाच्या एका डोळ्याले काही लागलं काय वं?"

दुसऱ्या दिवशी चिठ्ठीतलं प्रश्नचिन्ह तिनं पेनानं गिरवून मोठं केलं.

*

अक्षयच्या मावसभावाचं लग्न ठरलं. नवरदेव हौशी. म्हणाला, पत्रिका छापायची नाही, मोबाइलवर गेम पाहिजे. अक्षयला तर सोन्याची संधी! त्यानं महिनाभर खपून तीन लेव्हलचा गेम बनवला. नवरदेव घोड्यावर बसून पळतो, वाटेत खड्डे, बैल, ट्रॅफिकवाला आणि बूट चोरणाऱ्या साळ्या. मी स्वतः पास केलं त्याला, वरून शाबासकी दिली.

घोटाळा एवढाच झाला, की कार्यालयाचा पत्ता तिसऱ्या लेव्हलमध्ये होता. नवरदेवाचे सख्खे काका दुसऱ्या लेव्हलमध्ये अकरा वेळा मेले. लग्नाला पोचलेच नाहीत. अजून दोन्ही घरांत बोलणं नाही, आणि काका ज्याला त्याला सांगतात, "बोलावलंच नाही बावा आमाले, नुसतं मारून राहिले होते!"

*

आता आमच्या भिंतीवरच्या फोटोंबद्दल. 'आमचे स्टार' म्हणून माजी विद्यार्थ्यांचे फोटो लावलेत. त्यातला एक सागर, मुंबईला असतो, मोठमोठ्या पिक्चरांची कामं करतो. ढोबळे सरांनी त्याला नव्या बॅचशी बोलायला बोलावलं. पोरं सरसावून बसली. प्रणाली तर वही काढून पहिल्या रांगेत.

सागर म्हणाला, "माझा पहिला पिक्चर आला तेव्हा मी आख्ख्या खानदानाला टॉकीजमध्ये नेलं. आई, बाबा, आत्या, दोन मामा. हिरो डोंगरावरून उडी मारते, तो सीन माझा."

"मग?" पोरांनी विचारलं.

"सीन आला अन् गेला. आई म्हणे, यात तुझं काय? मी म्हटलं, हिरोच्या पाठीला दोर बांधला होता. आत्या म्हणे, आम्हाला तर नाही दिसला गा! मी म्हटलं, आत्या, तेच तर माझं काम! तो दोर मी चाळीस दिवस पुसला!"

पोरं हसून लोटपोट. आत्यानं म्हणे तिथल्या तिथे आईला सांगितलं, "याचं लग्न जमवताना पोट्टा बँकेत हाये म्हणून सांगजो."

एकटी प्रणाली हसली नाही. वही बंद करून मला म्हणाली, "सर, म्हणजे चांगलं काम केलं तर दिसतच नाही. अन् वाईट केलं तर दिसते. मंग बाबाले मी काय दाखवू?"

मी म्हटलं, "आधी जेवून घे." मास्तर लोकांना काही सुचलं नाही की ते हेच म्हणतात. पण पोरीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

आणि मग शोचा दिवस आला.

प्रणालीनं दोन महिने एका छोट्या फिल्मवर काम केलं होतं. कशावर, ते कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही. शोच्या सकाळी तिची हार्ड डिस्क बसली. रंग, चेहरा, कपडे, मागचं सगळं चित्र, सगळं गेलं. हाती राहिली फक्त कच्ची हालचाल. पांढऱ्या पडद्यावर एक राखाडी बाहुला. नाक नाही, डोळे नाही, अंगावर काही नाही. पंधरा सेकंद. पोरगी जिन्यात बसून रडली. म्हणाली, "मी मामाले फोन करून देते सर." मी ओढून हॉलमध्ये आणलं तिला.

मेश्राम काका ड्युटीवरून सरळ आले होते, खाकीतच. पहिल्या रांगेत बसले. अक्षयचा राक्षस आला, हॉलमध्ये टाळ्या. कोणाचं अंतराळयान आलं, टाळ्या. काका हाताची घडी घालून बसलेले, चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. ढोबळे सर दर दोन मिनिटांनी त्यांच्याकडे वाकून काहीतरी इंग्रजीत समजावत होते.

मग प्रणालीचा बाहुला आला. पाय फाकवून उभा. वर हात करून हवेत काहीतरी धरलेलं. एकदा पुढे गेला, एकदा मागे आला, मग अख्खं अंग एका बाजूला झुकलं आणि त्याच झुकलेल्या अंगानं त्यानं दोन्ही हातांनी काहीतरी केलं. संपलं. हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण हसला. ढोबळे सरांनी माइक हातात घेतला, "थोडा टेक्निकल इश्यू..."

"परत लावा," मेश्राम काका म्हणाले.

परत लावलं. काका उठून पडद्यापाशी गेले. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. प्रणाली भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक तोंडात.

"हे फाट्याचं वळण हाये," काका म्हणाले. "बस डावीकडे वळून राहिली."

पडद्यावर बस नव्हती हो. रस्ता नव्हता. काही म्हणजे काही नव्हतं.

"पण इथं चुकली तू," काका मुलीकडे वळले, आवाज चढलेला. "वळणावर कोणता कंडक्टर दोन्ही हात सोडते वं? पडन ना तो! आधी सीटले कंबर लावाची. अशी. मंग तिकीट." आणि भर हॉलमध्ये, शंभर लोकांपुढे, त्यांनी हवेतला दांडा धरला, पाय फाकवले, नसलेल्या सीटला कंबर लावली आणि झुकून नसलेलं तिकीट कापलं. पोरांनी खिशातून मोबाइल काढले आणि शूटिंग सुरू केलं. अक्षय ओरडला, "काका, एकदा साइडनं!" काकांनी साइडनंही करून दाखवलं.

मग शर्ट सारखा करत त्यांनी प्रणालीला विचारलं, "हे दुरुस्त कराले किती दिवस लागते?"

पोरीनं ओढणी तोंडातून काढली. डोळे पुसले नाहीत, पण आवाज एकदम सरळ.

"दोन वर्षं, बाबा."

काकांनी पडद्यावरच्या त्या राखाडी बाहुल्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"कर मंग. पण तोवर कोणाले दाखवू नको. डेपोतल्या लोकाईनं पाह्यलं तर माही इज्जत जाईन."