आबांचा फोटो आणि तीन ओळी

"असं प्रत्यक्षात कधी होत नाही," हे वाक्य ऐकलं की आजही माझं डोकं फिरतं. पुण्यातल्या ऑफिसात, जिथं वीज कधी जात नाही तिथं बसून, माझ्या साहेबांनी ते मला ऐकवलं होतं.

वडिलांचा श्रीगोंद्यात फोटो स्टुडिओ. लग्नसराईत दिवसाला दोन लग्नं आणि कॅमेऱ्याचं कार्ड एकच. सकाळचे फोटो संगणकाला जोडलेल्या डिस्कवर उतरवायचे, 'झालं' असं दिसलं की कार्ड पुसायचं आणि दुसऱ्या मांडवात पळायचं. त्या दिवशीही 'झालं' दिसलं, कार्ड पुसलं. मग डिस्क काढायला गेले तर संगणक ढिम्म. तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं, इन्व्हर्टर ओरडायला लागला आणि वडिलांनी आपल्याकडं सगळे करतात तेच केलं. डिस्कची वायर उपटली. अख्खं लग्न पुसलं गेलं.

थोड्याच दिवसांत त्या लग्नातली नवरी दुकानात आली. माहेर खर्ड्याकडचं, माणसं ऊसतोडीची.

"काका, आबा गेले आमचे. लग्नातला त्यांचा फोटू तेवढा मोठा करून द्या, दहाव्याला लागतोय. दुसरा फोटूच न्हाई त्यांचा."

"माझ्या हातनं गेला गं पोरी," वडील म्हणाले.

दहाव्याला पाटावर आबांचा फेटा ठेवून त्यालाच हार घातला. ते कळल्यावर वडिलांनी लग्नाच्या ऑर्डरी घेणं बंद केलं.

मी तो संगणक पुण्याला नेला. माझं कामच कर्नलचं, म्हणजे संगणकाच्या गाभ्याचं. संगणक 'झालं' म्हणतो तेव्हा फोटो खरं तर मेमरीतच असतात. कर्नल ते मागाहून, सवडीनं डिस्कवर लिहितो. लिहिताना 'काम चालू' अशी खूण लावतो, झालं की काढतो. पण ढिल्या वायरमुळं लिहिणं मध्येच फसलं, तर तिथला कोड खूण न काढताच बाहेर पडत होता. मग डिस्क सोडताना कर्नल ती खूण निघायची वाट बघत जन्मभर बसणार, आणि मागचे धडधाकट फोटो मेमरीत अडकून पडणार. जेवून उठताना आपलं ताट उचलावं, एवढीही शिस्त नाही! दुरुस्ती तीन ओळींची होती.

साहेबांनी ती बाजूला ठेवली. "असं प्रत्यक्षात कधी होत नाही. लिहिता लिहिता डिस्क कोण तोडतं?"

"आमच्याकडं रोज तुटते," मी ओरडलोच. "या चार दिवस राहायला!"

मग वडिलांची ती ढिली वायर आणून साहेबांच्याच संगणकाला डिस्क जोडली आणि लिहिणं चालू असताना वायर हलवली. संगणक ढिम्म. दुरुस्ती त्याच संध्याकाळी कर्नलमध्ये गेली. सोबत त्यांनी लिहिलं, 'किरकोळ साफसफाई'. किरकोळ म्हणे!

घरी येऊन मी म्हणालो, "अण्णा, चूक तुमची नव्हती, संगणकाची होती."

"मला सांगून काय उपेग? तिला सांग."

ती बाजाराला आली तेव्हा तिला दुकानात बसवून जमेल तसं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे, फोटू निघाला हुता?"

"निघाला होता."

"कसा आला हुता?"

त्या साहेबाला इथं आणून बसवावं असं वाटलं.

"हसत हुते आबा," वडील म्हणाले. "म्या बघितला ना कॅमेऱ्यात. लई ग्वाड हसत हुते."