नातीच्या नावाचा नमुना

उज्जैनमधली ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एवढा संताप फार थोड्या वेळा आला.

करोनाचा काळ होता. ठाण्याच्या दाराशी दोरी बांधलेली, टेबलाला सुतळीनं सॅनिटायझरची बाटली अडकवलेली आणि फिर्यादी अंगणात कडुनिंबाखाली उभे. एका सकाळी एक मराठी बाई आल्या. नवरा आखाती देशात नोकरीला. लहान मुलीला घेऊन त्या माहेरी आलेल्या आणि आता परत निघालेल्या. विमानात बसायचं तर दोघींचा चाचणी अहवाल लागत होता. मुलांच्या चाचणीचा नियम तर सारखा बदलायचा. एका खिडकीवर मूल लहान ठरायचं, दुसऱ्या खिडकीवर तेच मोठं. हे नियम करणाऱ्यांना एकदा कडेवर मूल देऊन रांगेत उभं करायला हवं होतं.

बाई रागानं म्हणाल्या, "साहेब, माझी निगेटिव्ह, आणि रोज माझ्या कुशीत झोपणाऱ्या पोरीची पॉझिटिव्ह! त्या एजंटनं सँपल बदललंय. पोरगी वरच्या खोलीत अकेली बंद आहे. रडून रडून हालत खराब झालीय तिची."

हा एजंट देवास गेटजवळ बसायचा. एरवी भाविकांना गाड्या ठरवून द्यायचा. यात्रा थांबल्यावर एका खासगी लॅबसाठी घरोघर नमुने गोळा करू लागला होता. तो 'बच्चों को रुलाए बिना जाँच' अशी जाहिरात करत फिरतो, हे आमच्या बीटच्या शिपायाच्या कानावर आलंच होतं. मी त्याला ठाण्यात बोलावलं.

"सँपल भी असली, रिपोर्ट भी असली. लॅब से पूछ लो, साहब," तो ठामपणे म्हणाला. लॅबनंही तेच सांगितलं. मास्कमुळे समोरच्याचं तोंड दिसत नसे, म्हणून त्या काळात आम्ही हातांकडे बघायला शिकलो होतो. याचे हात शांत होते. मग मी सहज विचारलं, "बच्ची बहुत रोई होगी?" त्याचा हात लगेच मास्ककडे गेला. "नहीं साहब, बड़ी समझदार बच्ची है."

नाकात काडी घातल्यावर भले भले शिपाई ओरडले होते. आता मुलीलाच विचारायला हवं होतं.

मुलांचा जबाब ठाण्यात घेत नाहीत. साध्या वेशातल्या महिला हवालदाराला घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. वरच्या खोलीला बाहेरून कडी होती. दाराशी खुर्ची टाकून मुलीचे आजोबा तिला गोष्ट सांगत होते. बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. मास्क हनुवटीवर. गोष्ट सांगताना मधेच थांबत, दम खात.

हवालदार बाईंनी दाराबाहेरूनच विचारलं, "बाळा, नाकात काडी घातली तेव्हा दुखलं का गं?"

"माझ्या नाकात घातलीच नाही. आजोबांच्या घातली. मी आईला सांगितलं होतं."

आई हादरली. "मला वाटलं, दार उघडावं म्हणून काहीपण बोलतेय. मी तर त्या माणसासाठीच चहा टाकायला आत गेले होते."

आजोबा खाली बघत म्हणाले, "ती रडली असती हो. मी म्हटलं, तिच्या नावानं माझं घ्या. मग रिपोर्ट आला तेव्हा वाटलं, मशीनची गलती असेल. मला ताप कुठे होता? आणि तो एजंट म्हणाला, बोललात तर केस होईल."

म्हणजे अहवाल खराच होता. आजार आजोबांचा होता आणि नाव नातीचं. धडधाकट पोर कडीत, आणि आजारी माणूस, बाईंनी सांगितलं तसं, रोज सकाळी क्षिप्रेच्या राम घाटावर जाऊन येत होता. मी तिथूनच अँब्युलन्स बोलावली.

एजंटला पुन्हा समोर बसवलं, तर त्याचं उत्तर तयार होतं. "साहब, घाट पे एक आदमी पूरे खानदान के नाम की डुबकी लगा लेता है. नानाजी ने प्रेम से बोला, मैंने ले लिया. क्या गलत किया?" मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की बाटली सुतळीला लोंबकळली. पुण्य दुसऱ्याच्या नावावर जात असेलही. आजार जात नाही.

गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला आणि यात्रा सुरू झाल्यावर पुन्हा गाड्या ठरवू लागला. आजोबा मात्र इस्पितळातून परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला.

या प्रकरणानंतर मी माझ्या लोकांना एकच सांगत आलो: घरात मूल असेल तर आधी त्याला विचारा. मोठ्यांकडे मान असतो, भीती असते, लाज असते. मुलाकडे फक्त पाहिलेलं असतं. त्या घरात खरं काय ते एकट्या त्या मुलीनं सांगितलं होतं, आणि तिलाच आम्ही मोठ्यांनी कडी घातली होती.

आजोबांना नेलं त्याच दुपारी आरोग्य विभागाच्या नर्सनं माझ्यासमोर मुलीचा नमुना घेतला. तो निगेटिव्ह आला. ती रडली नाही. नाक चोळत तिनं विचारलं, "झालं? एवढंच?"