धुक्याचं बटन

माझ्या डोळ्यांत कसलाही दोष नाही, हे मी आमच्या सुनेच्या साहेबांना ठणकावून सांगितलं आणि त्याच दिवशी दोष सापडला.

बोंडअळीनं कापूस फस्त केला, ते साल. नेरजवळच्या आमच्या घरात कमावणारी एकटी सून, वैशाली. ती लॅपटॉपवर खेळ बनवायची. (पोरं खेळून बिघडतात, ही खेळ बनवून पगार घेते! मी तिसरी पास, मला पटायला वेळ लागला.) खेळ होता मोबाइलची ॲपं बनवणाऱ्या शहरी पोरांसाठी. ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा हात थरथरतो, त्यालाही ॲप चालवता यावं, हे त्यांना घरबसल्या हसतखेळत शिकवायचं. एक बटन दाबलं की पडद्यावर मोतीबिंदूचं धुकं पसरणार आणि त्या धुक्यात पोरांनी कापूस विक्रीची नोंदणी करायची. म्हाताऱ्यांचे हाल कळू द्या म्हणावं त्यांना!

साहेबांना खेळ पसंत पडला तर नोकरी पक्की, नाहीतर घरी बसा. त्यांना दाखवताना एक खरा शेतकरी सोबत हवा होता.

"मामाजी, तुमी बसान का?"

"बसतो ना! पण मले मोतीबिंदू-गिंदू काही नाही, सांगून ठेवतो."

"म्हणूनच तं! साफ नजरेचा माणूस पाह्यजे. बटन दाबलं की काय फरक पडला थे सांगाचं, बस्स."

मी धुतलेली टोपी घालून ऐटीत बसलो. पडद्यावर साहेब लोक. (चेहरे पांढुरके दिसत होते. म्हटलं, शहरातली माणसं गोरीच असतात.) सुनेनं बटन दाबलं.

"आता कसं दिसून राह्यलं, मामाजी?"

"पह्यलेसारखंच."

तिनं पुन्हा दाबलं. "आता?"

"काहीच नाही झालं, पोरी. तुयं बटन बिघडलं!"

हे मी जरा मोठ्यानंच बोललो. सुनेला घाम फुटला. माझा मुलगा सुभाष धावत आला, वायर उपटून पुन्हा खोचली.

"बा, तुमी चूप बसा आता!"

"काहून? साहेबापुढं खोटं बोलू? धुकं पडलं असतं तं मले दिसलं नसतं काय?"

एक साहेब हळूच म्हणाले, "काका, इकडे तर दाट धुकं दिसतंय."

"मंग तुमच्या डोयाचं पाहून घ्या, साहेब!"

सून रडकुंडीला आली. तेवढ्यात आमची म्हातारी चहा घेऊन आली आणि पडद्यापुढं थबकली.

"अवं माय! एवढी धुई कायची पडली याच्यात?"

सगळे माझ्याकडे वळले. म्हातारीनं कप खाली ठेवला.

"अवो, माह्या लुगड्याचा रंग सांगा बरं."

"हे काय विचारनं झालं? पांढरा!"

म्हातारीनं कपाळावर हात मारला.

"हिरवं हाय! नवरा जिता बसला हाय समोर, अन् मी पांढरं नेसू?"

सत्तर पावसाळे पाहिलेला माणूस, आणि बायकोचं लुगडं दिसलं नाही! पलीकडे साहेब लोक पोट धरून हसत होते. मग मोठे साहेब म्हणाले, "मॅडम, काकांना दिसत नाही, हेच काकांना माहीत नाही. आमच्या पोरांना नेमकं हेच शिकवा. खेळ पसंत."

नोकरी पक्की झाली. खेळात एक नवा म्हाताराही आला. तो छाती ठोकून सांगतो, "मले सगळं दिसते!" जो पोरगा त्याचं ऐकतो, तो हरतो. (रोज शेकडो हरतात, असं सून सांगते. मला अभिमान वाटावा की लाज, ते अजून ठरलं नाही.)

पुढं यवतमाळला नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन केलं. पट्टी निघाली आणि मी दचकलोच! समोरच्या आरशात माझी टोपी घालून कुणीतरी सुरकुतलेला, दात पडलेला म्हातारा बसला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं?"

"तो राहू द्या, डॉक्टरसाहेब," मी म्हटलं. "आरशात पाहाले तोच बरा हाय."