आईच्या साखरेवरचा पहारा

ऑफिसात माझं काम असं: ठिकठिकाणांहून नाना तऱ्हांनी येणारी माहिती एका साच्यात आणायची आणि एका जागी ठेवायची. हे काम करणाऱ्यांना त्याच त्या अडचणी येतात, म्हणून त्यांची ठरलेली उत्तरंही आहेत. त्यांना डिझाइन पॅटर्न म्हणतात. मला ती फार आवडतात. इतकी, की मी ती आईलाही लावली.

बाबा गेल्यापासून आई विक्रोळीला एकटी राहते, मी बोरिवलीला. तिला मधुमेह आहे. रोज सकाळी, नेमकी माझी मीटिंग सुरू होताना, तिचा फोन यायचा. साखर किती आली ते एका वाक्यात, आणि मग बांगडे ताजे होते का, कोळणीशी काय वाजलं, शेजारणीचा गुडघा कसा आहे, हे सगळं. मी "हं, हं" करत टाइप करत राहायचे. एकदा वैतागून म्हणालेच, "आई, आकडा तेवढा सांग ना!"

मग मी घरीच एक प्रोसेस बांधली, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम. साखर मोजायचं यंत्र, मनगटावरचं घड्याळ, गोळ्यांची आठवण करणारं ॲप, तिघांची तीन तऱ्हांची माहिती. प्रत्येकाला एक ॲडॉप्टर लावला, म्हणजे दुभाषाच. त्यापुढे ऑब्झर्व्हर: सगळं ठीक असेल तर गप्प बसणारा, बिघडलं तरच मला कळवणारा.

"आता रोज फोन करायची गरज नाही," मी आईला सांगितलं.

"बरा झाला गो," ती म्हणाली. "तुझो वेळ वाचलो."

ऑफिसात दाखवलं तर शेजारचा म्हणाला, "झकास आहे यार!" मीही फुगले. सकाळचा फोन बंद झालाय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

काही आठवड्यांनी आईची साखर वाढायला लागली. इशारा आला की मी लगेच फोन लावायचे आणि तिच्यावर डाफरायचे. ती निमूट ऐकायची, वर विचारायची, "आणि तू जेवलंस?"

शेवटी आलेख घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तो नीट पाहिला, माहितीची मांडणी छान आहे म्हणाले, आणि गोळी वाढवायला चिठ्ठी पुढे ओढली.

"वाढवू नका, डॉक्टर," आई म्हणाली. "मी मोजायच्या आधी लाडू खाते."

"का पण?" मी ओरडलेच.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "गोड खाल्लंय की तुझो फोन येता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला मान वर करवेना. त्या वाढीव गोळीने तिची साखर एकदम उतरली असती, ती घरात एकटीच कोसळली असती. लाज वाटली, अजून वाटते. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की प्रोसेसमध्ये आईला फोन करायची आठवण घालू या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा उत्तम होता. ऑब्झर्व्हर गप्प होता. मीटिंग सोडून मी बाहेर आले आणि फोन लावला. तिने तो पहिल्याच रिंगला उचलला. आवाज घाबरलेला होता.

"काय झाला गो? आज मी कायच गोड खावक नाय."