सोनेरी कडांचा पाचवा खंड

हॉस्पिटलात त्याला सगळे एक्स-रेवाला म्हणत. दिवसभर लोकांची हाडं उजेडासमोर धरून बघायची सवय, घरी ती पुस्तकांवर चाले. ड्रॅगन, जादूगार आणि बुडालेल्या राज्यांची एक दहा खंडांची कादंबरी त्याच्याकडे तीनदा होती: जुनी पहिली आवृत्ती, मधली पेपरबॅक आणि कापडी बांधणीची, सोनेरी कडांची नवी. काचेच्या कपाटात. पाहुणा आला की तो एक पान दिव्यासमोर धरी. "मागची अक्षरं दिसतायत? नाही ना? याला म्हणतात कागद!"

पाहुणे सहसा परत येत नसत.

सासूबाई पाय मोडून राहायला आल्या आणि त्यांची खाट नेमकी त्या कपाटासमोर पडली. दुसरी खोलीच नव्हती. त्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज अजून मैदानावरचाच. सोबतच्या पिशवीत तीच कादंबरी होती, पण सगळ्यात स्वस्त आवृत्तीतली. पिवळी पानं, वाळून सुटलेला डिंक, रबरबँडांनी आवळलेले खंड.

"आई, हे घरात नको. माझ्या पुस्तकांना कसर लागेल."

"लागू दे, जावईबापू. तेवढंच कुणीतरी आत शिरेल."

तिथून जी जुंपली ती जुंपलीच. तो म्हणे, ही काय छपाई आहे, मुंग्या चिरडल्यासारखी अक्षरं! त्या म्हणत, तुमच्या नकाशात अर्धं राज्य शिवणीत गेलंय, राजा काय दोऱ्यात राहतो? बायको दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढू लागली.

एका रविवारी मात्र तिघं एकत्र बसले आणि सासूबाईंनी विषय काढलाच.

"तुमच्या सोनेरी पाचव्या खंडात चार ओळी गळल्यात. नावाडीण राजपुत्राला शाप देते, त्याच. मग पुढे तो आंधळा होतो तो कशानं?"

"तुम्ही माझं कपाट उघडलंत?"

"ते नंतर. आधी ओळी बघा."

त्याने बघितल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना त्याने ती पिशवी उचलली आणि रद्दीत घातली. "सुटी पानं होती, मला कचरा वाटला," असं तो बायकोला म्हणाला. दोघींनाही ते खोटं आहे हे कळलं. बायकोने ताट आदळलं.

दोन दिवसांनी तो घरी आला तेव्हा सोनेरी पाचवा खंड टेबलावर होता, पाठ मोडेपर्यंत सपाट उघडलेला. समासात निळ्या बॉलपेनने चार ओळी लिहिल्या होत्या. पाठ असलेल्या.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "पेन? पेन्सिल मिळाली नाही तुम्हाला?"

"पेन्सिल खोडता येते."

"चालत्या व्हा माझ्या घरातून!"

"चालता आलं असतं तर आले कशाला असते?" त्या कुबडी त्याच्यावर रोखून म्हणाल्या.

बायकोने बॅग भरली आणि आईला आपल्या धाकट्या बहिणीकडे नेऊन पोचवलं. ती स्वतः परत आली, पण गॅस आणि दूध सोडून त्याच्याशी कशावरही बोलेना.

त्याने नवा पाचवा खंड मागवला. कोरा करकरीत. कागद उजेडासमोर धरून झाला, आणि मग त्याने ते पान उघडलं. राजपुत्र खरंच काही कारणाविना आंधळा होत होता. त्याने पहिली आवृत्ती काढून शेजारी ठेवली. तिथे चार ओळी होत्या. सासूबाईंनी लिहिल्या होत्या त्याच, फक्त एक शब्द वेगळा. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे फोन लावला.

"आई, तुमचा एक शब्द चुकलाय. पहिल्या आवृत्तीत वेगळा आहे."

"पहिल्या आवृत्तीत तो चुकीचा छापला होता. पुढे सुधारला. तीनतीन घेतलीत, एक तरी वाचायची होतीत." फोन बंद झाला.

पाय बरा झाल्यावर सासूबाई आपल्या घरी गेल्या. त्याने त्यांची पुस्तकं भरून दिली नाहीत, त्यांनी मागितली नाहीत. बायको दर आठवड्याला आईकडे जाते. एकटीच. किती वाजता परत येणार, हे तो विचारत नाही आणि तीही सांगत नाही.